एका रविवारची स्वच्छता

दसरा उलटला की आमच्या घरी झाडलोट सुरू होते आणि ती वसुबारसेपर्यंत चालते. पितळी डबे चिंचेने घासले जातात, माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात, गाद्या उन्हात पडतात. या धामधुमीत माझ्या वाट्याला नेहमी पुस्तकांचे कपाट येते. त्यातले एखादे पुस्तक उघडून मी कोपऱ्यात बसतो आणि निदान कुणाच्या पायात येत नाही, हा त्यातला घरच्यांचा हिशेब. गेल्या वर्षी मात्र मी आपण होऊन एक काम अंगावर घेतले. बाहेरच्या खोलीतली माशांची टाकी मी धुतली.

ही टाकी आमच्या मुलीची. ती आठवीत असताना हट्ट करून तिने ती घेतली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तर छप्पन लिटर पाणी. तीत दोन गोल्डफिश होते. एकाचे नाव लाडू, दुसरीचे करंजी. तळाशी काचेला तोंड लावून बसणारा एक काळपट सकर मासा होता. तो कुणाशी बोलत नाही आणि सगळ्यांचे उरलेसुरले टिपून घेतो, म्हणून त्याचे नाव मुनीम. पहिली दोन वर्षे टाकीचे कौतुक झाले. मग मुलीची दहावी आली, बारावी आली, आणि ती पुण्याला शिकायला गेली. टाकी मागे राहिली. तिच्याकडे दुर्लक्ष झाले असे म्हणणेही पुरेसे खरे नाही, कारण येताजाता चिमूटभर दाणे टाकायला आम्ही कोणीच चुकलो नाही. पाणी खाली गेले की तांब्याभर पाणी वरून ओतत होतो. बाकी काही केले नाही. काचा हिरव्या झाल्या, पाण्याला पातळ चहाचा रंग आला, तळातल्या खड्यांवर तपकिरी गाळ साचला. मासे मात्र जिवंत होते. आपल्याला न विचारता कोणी जगत असले की त्याचे सगळे ठीक चालले आहे असे समजायची माणसाला सवय असते.

दिवाळीला मुलगी येणार होती. ती दारातून आत येईल, टाकी पाहील आणि म्हणेल, "बाबा, तुम्ही केलंत हे?" हे वाक्य मी आधीच ऐकून ठेवले होते. तेव्हा त्या रविवारी सकाळी मी धोतर खोचावे तशी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कामाला लागलो. तिन्ही मासे नळाच्या ताज्या पाण्याच्या बादलीत काढले. टाकी मोरीत नेऊन भांड्यांच्या साबणाने काथ्याने घासली. खडे उकळत्या पाण्यातून काढून गच्चीवर वाळवले. पाणी गाळायच्या यंत्रातला स्पंज इतका काळा होता की मला तो हातात धरवेना. तो साबणात तीनदा पिळला, शेवटी त्यातून स्वच्छ पाणी गळेपर्यंत. कुजकी दिसणारी पाने उपटून टाकली. संध्याकाळी टाकी परत जागेवर ठेवली, नळाचे पाणी भरले, दिवा लावला. काय सांगू! काच आहे की नाही हे हात लावून पाहावे लागत होते. माझ्या लहानपणी शाळेच्या सहलीत मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते, १९५१ साली उघडलेले; त्या अंधाऱ्या वाटेवरच्या उजळ काचा मला आठवल्या. रात्री जेवण झाल्यावर मी खुर्ची ओढून टाकीपुढे बसलो. इतके समाधान मला कादंबरीचे शेवटचे पान लिहूनही झालेले नाही.

सोमवारी सकाळी दोन्ही गोल्डफिश पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड आणून हापापल्यासारखे हवा ओढत होते. मंगळवारी पाणी दुधट झाले. मला वाटले, घाण राहिली असावी. म्हणून बुधवारी पहाटे, शाळेत जायच्या आधी, मी सगळी टाकी पुन्हा एकदा धुतली. हे दुसऱ्यांदाचे धुणे मला आजही पहिल्यापेक्षा जास्त बोचते. गुरुवारी सकाळी करंजी आडवी तरंगत होती.

त्यानंतर माझ्या मनात जो पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. मुलीला यायला अजून दोन आठवडे होते आणि बाजारात गोल्डफिश पुष्कळ मिळतात. त्याच आकाराची, शेपटीला तशीच पांढरी कड असलेली एक आणली, तर कुणाला काय कळणार? पत्नीला मी यातले काही सांगितले नाही. शाळा सुटल्यावर बसस्थानकामागच्या मासेवाल्याकडे गेलो. मासेवाला म्हणजे पंचविशीतला एक पोरगा; चार फूट रुंदीच्या गाळ्यात तीस-पस्तीस टाक्या एकावर एक रचून बसतो. मी माशाचे वर्णन केले. त्याने मला मासा दाखवला नाही. विचारले, "सर, टाकी कधी धुतली?"

मी सांगितले. किती स्वच्छ धुतली तेही सांगितले. मला वाटते, थोड्या अभिमानानेच. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "मासा नाही मेला सर. टाकी मेलीय. आता तिच्यात काहीही सोडा, तेपण मरणार."

माझे रसायनशास्त्र शालान्त परीक्षेपाशीच संपले, तरी त्याने सांगितलेले आणि मी नंतर वाचलेले मला समजले ते असे. मासा पाण्यातच राहतो आणि पाण्यातच घाण करतो. त्याच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडत असतो, आणि तो त्याला स्वतःलाच विष आहे. टाकीत हे विष साठत नाही, कारण खड्यांवर, काचेवर आणि मुख्यतः त्या काळ्या स्पंजात न दिसणाऱ्या जिवाणूंची वस्ती असते. एक जात अमोनियाचे नायट्राइट करते. तेही विषच, त्याने माशाचे रक्त तपकिरी पडते आणि प्राणवायू वाहून नेईनासे होते. दुसरी जात त्या नायट्राइटचे नायट्रेट करते, ते त्या मानाने पुष्कळ निरुपद्रवी. शेतातल्या मातीतही हेच चालते, म्हणून तर पिकाला नायट्रेट मिळते. विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जिवाणू १८९० साली मातीतून वेगळे काढून दाखवले. ते फार सावकाश वाढतात. दूध नासवणारे जंतू तासाभरात कितीदा तरी दुप्पट होतील. यांना एकदा दुप्पट व्हायला दिवसभर, कधी त्याहून जास्त लागतो. नव्या टाकीत त्यांची वस्ती नीट बसायला महिना-दीड महिना जातो. आणि मी तीनदा पिळून मोरीत सोडले ते हेच.

शिवाय नळाच्या पाण्यातला क्लोरीन. तो आपल्याला पटकीपासून वाचवतो आणि माशाचे कल्ले जाळतो. शिवाय साबण. शिवाय पाण्याचा एकाएकी झालेला पालट.

या शेवटच्या गोष्टीबद्दल त्या पोराने जे सांगितले ते मी घरी येताना रस्ताभर घोळवत राहिलो. वर्षानुवर्षे न बदललेले पाणी हळूहळू आंबट होत जाते. आंबट पाण्यात साठलेला अमोनिया बराचसा अशा रूपात राहतो की तो माशाला फारसा बाधत नाही. मासाही त्या पाण्याला दिवसादिवसाने सरावतो. मग एखाद्या दिवशी मालकाला जाग येते. तो साबण लावत नाही, काही नाही. फक्त अर्धी टाकी उपसून ताजे पाणी भरतो. ताज्या पाण्याने आंबटपणा जातो, आणि इतके दिवस दबून राहिलेले ते विष त्याच क्षणी आपल्या मूळ रूपात येते. "लोक म्हणतात, सहा महिने घाणीत जगला आणि साफ केल्यावर मेला, मासाच नाजूक," तो पोरगा म्हणाला. "मासा नाजूक असता तर सहा महिने जगला असता का?"

आपण तीन वर्षे पाहत नाही, हा एक दोष. एका रविवारी सगळे निस्तरतो, हा दुसरा. मी स्वतःला विचारत होतो, यातला मोठा कोणता? दुर्लक्षाने कोणी मेले नव्हते, काळजीने मेले होते. मग दुर्लक्षच बरे होते की काय?

हेतू चांगला होता, असे माझ्या बाजूने म्हणता येईल. कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ साली लिहिलेल्या ग्रंथात शुद्ध इच्छेचे मोल परिणामावर ठरत नाही असे मांडले आहे, आणि माझ्यासारखे पुष्कळ लोक त्याच्या या एका विधानाच्या सावलीत निवांत बसतात. पण त्याने तिथेच हेही स्पष्ट केले आहे, की नुसत्या मनात असण्याला तो इच्छा म्हणत नाही. आपल्या हाती असलेली सर्व साधने एकवटणे त्याला अपेक्षित आहे. मी कोणते साधन एकवटले होते? मासेवाल्याचा गाळा माझ्या शाळेच्या वाटेवर आहे. एक वाक्य विचारायला मी थांबलो नव्हतो. आपल्याकडच्या जैन विचारात तर याहून रोखठोक उत्तर आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद येतो. बेसावधपणाने जीव गेला तर ती हिंसा. जपून वागूनही चुकून गेला तर गोष्ट वेगळी. द्वेष होता की प्रेम होते, हे त्या तराजूत फारसे वजन धरत नाही. आणि खरे सांगायचे तर माझ्या प्रेमाचाही मला भरवसा उरला नव्हता. मी जे धुतले ते माशांसाठी होते की "बाबा, तुम्ही केलंत हे?" या वाक्यासाठी?

इथे मला एका मुलाची आठवण सांगितली पाहिजे. मुलगा म्हणजे मासा नव्हे हे मला कळते, आणि दिसेल त्यात साम्य शोधणे ही कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्याची खोड आहे हेही कळते. तरी त्या रात्री तोच मुलगा डोळ्यांपुढे आला, त्याला मी काय करू!

सात-आठ वर्षांपूर्वी तो माझ्या वर्गात होता. शेवटच्या बाकावर बसे. अक्षर वाचता येऊ नये असे. वह्यांच्या समासात बैल काढलेले असत, चांगले काढलेले. शेजारच्या मुलाच्या वहीवरून तो सगळे उतरवून घेई आणि कसाबसा पुढच्या इयत्तेत जाई. दोन वर्षे मी त्याच्याकडे पाहिले नाही. हजेरीच्या वेळी नाव घेतले की तो "हजर" म्हणे, तेवढाच आमचा संबंध. मग नववीत माझ्या मनाने घेतले, की या मुलाचे भले करायचे. त्याला मी पहिल्या बाकावर आणून बसवले. शेजारच्या मित्रापासून तोडले, कारण तो नक्कल पुरवत होता. जुन्या वह्या काढून घेतल्या, नव्या दिल्या, समासात रेघ मारायची नाही म्हणून ताकीद दिली. रोज संध्याकाळी तासभर जास्तीची शिकवणी. सर्व वर्गासमोर सांगितले, की आजपासून हा नवा मुलगा आहे. वर्ग हसला. मी त्या हसण्याला प्रोत्साहन समजलो. तिसऱ्या आठवड्यात तो शाळेत यायचा बंद झाला. पुढे कळले, सायकल-मोटारसायकलच्या गॅरेजात लागला. "घरची परिस्थिती," असे मी शिक्षकांच्या खोलीत सांगितले, आणि इतकी वर्षे स्वतःलाही तेच सांगत आलो.

घरची परिस्थिती होतीच. पण ती आधीची दोन वर्षेही होती. तो मित्र, ते बैल, ती शेवटची जागा, ही मला घाण दिसली. त्यांच्यावर तो तगून होता, हे मी पाहिले नाही.

पण यातून कोणी असा अर्थ काढील की सुधारणेची घाई करू नये, जे आहे ते हळूहळू होऊ द्यावे, तर तो अर्थ मला मुळीच मान्य नाही. 'हळूहळू' हा शब्द महाराष्ट्राच्या चांगल्या ओळखीचा आहे. आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' काढले तेव्हाही समाजाला सोसेल अशा बेताने घ्या, असे त्यांना सांगणारे कमी नव्हते. आणि ते सांगणाऱ्यांपैकी कुणाच्या घरच्या विधवेला तो बेत विचारलेला नव्हता. ज्याला सोसावे लागते त्याने सावकाश म्हणणे वेगळे, आणि ज्याच्यामुळे सोसावे लागते त्याने म्हणणे वेगळे. मग माझी टाकी हळूहळूच साफ व्हायला हवी होती असे मी कोणत्या तोंडाने म्हणतो? या प्रश्नाने मला बरेच दिवस अडवले. शेवटी मला जे दिसले ते त्या पोराने सांगितलेल्या उपचारातून.

त्याने मला मासा विकला नाही. आपल्या एका जुन्या टाकीतून काळाकुट्ट, बुळबुळीत स्पंज काढला, त्याच टाकीच्या पाण्यासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि माझ्या हातात दिला. किती पैसे विचारल्यावर म्हणाला, "घाणीचे कसले पैसे?" घरी आल्यावर आईने पिशवीकडे पाहून नाक मुरडले. मी तिला सगळा प्रकार समजावून सांगू लागलो, जिवाणू, वस्ती, महिना-दीड महिना, तर ती मधेच म्हणाली, "म्हणजे विरजण लागतं म्हण की. भांडं घासलंस ते घासलंस, विरजणाची कवडीही धुऊन टाकलीस." मी वाचलेल्या सर्व पानांत इतके थोडक्यात कोणी सांगितले नव्हते.

तो स्पंज यंत्रात बसवला. तीन दिवस दाणे बंद. मग दिवसाआड अगदी मोजके. रोज सकाळी पाव टाकी पाणी उपसायचे आणि रात्रभर बादलीत ठेवलेले, हायपोचे दोन-चार खडे घातलेले पाणी सावकाश सोडायचे. हायपो म्हणजे तेच, जे पूर्वी फोटो धुणाऱ्यांकडे असे. ते क्लोरीन मारते. नायट्राइट चढेल तेव्हा थोडे खडेमीठ. आणि एका बाटलीतले थेंब पाण्यात टाकून रंग पाहायचा. अमोनिया नसला तर पिवळा, असला तर हिरवा. पहिल्या दिवशी हिरवा आला. दुसऱ्या दिवशी हिरवा. पाचव्या दिवशी मला वाटले, किंचित पिवळट आहे, पत्नी म्हणाली, "हिरवाच आहे." ती खरी होती. पाणी दुधट राहिले. लाडू एका कोपऱ्यात पर मिटून होता. काचेवर पुन्हा पुसट तपकिरी थर धरू लागला आणि तो पुसायला माझे हात शिवशिवत, पण पुसायचा नाही असा हुकूम होता. रोज सव्वापाचला उठून चौदा लिटर पाणी काढायचे आणि चौदा लिटर घालायचे, आणि टाकी आदल्या दिवशीसारखीच दिसायची.

या पाणी भरण्यातच मला कळले, की घाई कुणाची होती. रविवारची स्वच्छता माझ्या सोयीची होती. तीन वर्षांचा दोष एका दिवसात फिटला, संध्याकाळी मी मोकळा, वर कौतुकाला पात्र. हे रोजचे चौदा लिटर मात्र मला मोकळे होऊ देत नव्हते. सुधारणेला आडवे येणाऱ्यांचे हळूहळू म्हणजे आज काही न करणे. हे हळूहळू म्हणजे रोज करणे, आणि करूनही दाखवण्यासारखे काही हाती नसणे. दोघांचा शब्द एक असला तरी पहाटे कोण उठतो ते पाहिले की फरक कळतो.

काचेच्या टाकीची मूळ कल्पनाही, मौज अशी, याच अनुभवातून निघालेली आहे. लंडनचा रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५० साली आपला प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि रिबिनीसारख्या पानांची एक पाणवनस्पती. काही दिवसांनी पाने कुजून पाणी गढूळ झाले. त्याने भांडे घासले नाही. तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजके खाल्ले, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, आणि पाणी निवळले. घाणीला वाव ठेवल्याशिवाय काचेत जीव राहत नाही, हे त्याला पहिल्याच भांड्याने शिकवले. मला त्यासाठी करंजी लागली.

धनत्रयोदशीला मुलगी आली तेव्हा पाणी निवळले नव्हते. रंग हिरव्या-पिवळ्याच्या मधे कुठेतरी होता. खोटा मासा आणण्याची सोय पाण्यानेच ठेवली नव्हती, त्यामुळे खरे बोलल्याचे पुण्यही माझ्या नावावर धरू नये. मी सांगितले, दुसऱ्यांदा धुतल्याचेही सांगितले. ती काही वेळ टाकीपुढे उकिडवी बसून राहिली. मग म्हणाली, "मी सुटीत येत होते ना बाबा. तीन वर्षं मीपण बघितली नाही." आणि दुसऱ्या दिवशी, नरकचतुर्दशीला, सगळे घर उटण्याच्या वासात असताना, तिने अभ्यंगस्नानाच्या आधी चौदा लिटर पाणी उपसले. तेवढी चार दिवस मला सुटी मिळाली. रंग स्वच्छ पिवळा यायला त्यानंतर आणखी तीन आठवडे लागले.

त्या गॅरेजावरून मी पूर्वी पलीकडच्या बाजूने जात असे. नंतर एकदा मुद्दाम थांबलो. तो आता तरुण झाला आहे, हाताखाली एक पोरगा आहे. त्याने "सर" म्हणून ओळख दिली, चाकात हवा भरली आणि पैसे घेतले नाहीत. मी मनाशी चार वाक्ये जुळवून नेली होती. क्षमेची होती, चांगली जमली होती. बोलणार एवढ्यात मला ती रविवारच्या टाकीसारखी वाटली आणि मी गप्प बसलो. आता हवा भरायला मी तिथेच जातो. हल्ली पैसे घेतो. परवा त्याने गॅरेजाच्या पत्र्याच्या दारावर खडूने काढलेले काही पाहिले. पाठमोरा बैल होता की गाडीचे इंजिन, अंधारात नीट कळले नाही.

यंदाचा दसरा झाला. ट्रंका खाली आल्या आहेत, घरात चिंचेचा आंबूस वास आहे. पत्नीने कामे वाटताना विचारले, "टाकीचं काय?" मी म्हटले, पाव पाणी बदलतो. ते तसे दर रविवारी बदलतोच. स्पंज काढून त्याच उपसलेल्या पाण्यात दोनदा हलका दाबला आणि परत बसवला; अजून तो काळाच आहे. खालचे गढूळ पाणी आईने मागून घेतले आणि तुळशीला घातले. काचेला एका बाजूने हिरवी झाक आहे, तेवढ्या जागेवर मुनीम दिवसभर तोंड लावून बसतो. लाडू वर येऊन दाणे मागत होता. त्याची वेळ संध्याकाळची. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.